पितळी फिरकीचा सोऱ्या: एक किलो भाजणी काढून झाल्यावर

आधीच सांगतो, मी स्वयंपाकातला माणूस नाही. सातपूरला एका कारखान्यात टूलरूमला आहे, एकोणीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरता ठेवून कापायच्या यंत्रावर, गेली. त्यामुळे इथे चकलीच्या चवीपेक्षा आट्यांबद्दल जास्त वाचायला मिळेल. पण घरात लहान मुलं आहेत, दिवाळीची सुट्टी लागलीय आणि सोऱ्या घ्यायचाय असं ज्यांचं चाललंय, त्यांना बहुतेक ह्याचाच उपयोग होईल. चवीचं तुमच्या भाजणीवर आहे, सोऱ्यावर नाही.

आमच्याकडे चकली दरवर्षी आई करते. यंदा घटस्थापनेच्या आधी माळ्यावरचे डबे काढताना ती स्टुलावरून घसरली आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर. बायको म्हणाली, ‘‘ह्या वर्षी चकली विकत आणू या, आई.’’ आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, नुसतं थोरलीकडे बघितलं. थोरली तिसरीत आहे. ती लगेच म्हणाली, ‘‘विकतची नको, मी फिरवते ना.’’ धाकटा साडेचार वर्षांचा, त्याचं सगळ्यावर एकच उत्तर, ‘‘मी पण.’’ बायको स्टाफ नर्स. दिवाळीत कोणाला कधी सुट्टी ह्याच्या त्यांच्याकडे चिठ्ठ्या टाकतात, तिला यंदा पाडवा निघाला. राहिलो मी.

घरात सोऱ्या नव्हता असं नाही, दोन होते. पहिला आईच्या लग्नातला, अ‍ॅल्युमिनियमचा, फिरकीचा. त्याच्या झाकणातले आटे इतके झिजलेत की दांडा अर्धा खाली गेला की पुढे नुसता गरगर फिरतो. दोन वर्षांपूर्वी मी भंगारातल्या एका तुकड्याचा नवा दांडा टर्न करून आणला होता, पण बिघाड दांड्यात नव्हताच, झाकणात होता. मऊ धातू, चाळीस वर्षं, काय टिकणार. दुसरा गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला, बंदुकीसारखा घोडा दाबायचा. नाव घेत नाही. चित्रात बाई एका हाताने हसत हसत चकल्या पाडताना दाखवली होती. शेवेच्या सैल पिठाला तो चालला, पण चकलीच्या घट्ट पिठाला तिसऱ्या भरणीतच आतली प्लॅस्टिकची दातरी तुटली. बाहेर स्टील आणि ताण येतो तिथे प्लॅस्टिक! आमच्याकडे असं ड्रॉइंग कोणी आणलं असतं तर साहेबांनी परत पाठवलं असतं.

म्हणून 12 ऑक्टोबरच्या रविवारी मुलांना घेऊन भांडी बाजारात गेलो. नाशिकच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: सराफ बाजाराला लागून, गोदावरीच्या घाटाकडे उतरत जाणारी ही गल्ली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथे गाडी न्यायचा विचारही करू नका. आम्ही रविवार कारंजाच्या अलीकडेच गाडी लावली आणि चालत गेलो. दोन मुलं, एकाचा हात घामट, दुसरीला प्रत्येक आकाशकंदिलाशी थांबायचं. दहा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली.

दुकानांत ह्या दिवसांत पितळेला ऊत आलेला असतो. समया, निरांजनं, अभ्यंगाच्या तेलाच्या वाट्या, लंगड्या बाळकृष्णापासून बंबापर्यंत सगळं. धाकट्याने एक घंटा उचलली आणि ती मी विकत घेईपर्यंत वाजवली. (120 रुपये. हिशोबात धरलेले नाहीत.) दुकानाचं नाव देत नाही, कारण लागोपाठ तीन दुकानांत हाच माल, हाच आकार, किमतीत पन्नास-शंभराचा फरक. ज्यांच्याकडून घेतला ते काका मात्र धीराचे. मी खिशातून व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) काढल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलांकडे बघितलं आणि मुलीला विचारलं, ‘‘बाबा मोजमाप घेणारे आहेत का घरी पण?’’ ती म्हणाली, ‘‘पोळ्या पण मोजतात.’’ मी पोळ्या मोजत नाही. एकदा जाडी मोजली होती.

तर सोऱ्या. नळा आतून 50 मिलिमीटर, उंची 110. दांड्याचे आटे चौकोनी, पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) 5 मिलिमीटर, आणि मुख्य म्हणजे लेथवर कापलेले. ओतीव आट्यांचा दांडा बोटांना खरखरीत लागतो, ह्याच्यावर टूलच्या बारीक खुणा दिसतात. दुकानात बघताना दांडा पूर्ण खाली घ्या, मग झाकण धरून दांडा दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. थोडा हलणारच, पण खडखड वाजला तर ठेवून द्या. मी चार हलवून पाहिले, चौथा घेतला. सहा चकत्या: चकलीची एक, शेवेच्या जाड-मध्यम-बारीक तीन, पट्टीची पापडी, आणि एकच मोठं गोल भोक असलेली, जिचं काम काका म्हणाले ‘‘कडबोळ्याला चालते.’’ सगळं धरून घरच्या काट्यावर वजन 1 किलो 180 ग्रॅम. मागितले 1,350, दिले 1,250.

ह्या आकड्यांचा उपयोग असा. पिच 5 मिलिमीटर म्हणजे फिरकीच्या एका फेऱ्याला दट्ट्या तेवढा खाली जातो, आणि 50 च्या नळ्यातून साधारण 10 घन सेंटीमीटर पीठ बाहेर पडतं. चकलीच्या चांदणीतून ते पाव मीटरच्या आसपास लांब येतं. तीन वेढ्यांच्या चकलीला सव्वा फेरा. भरलेला सोऱ्या अठरा फेऱ्यांत रिकामा, म्हणजे एका भरणीत चौदा चकल्या. थोरलीला मी हे आदल्या रात्री वहीवर करून दाखवलं. तिला ते पाढ्यांपेक्षा आवडलं, कारण उत्तर खाता येणार होतं.

भाजणीचं प्रमाण आईचं: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मुगाची, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजून. हे भाजताना ती डाव्या हाताने खुर्चीतून दिशा दाखवत होती, ‘‘अजून, अजून, आता वास आला, बस, बस म्हणते ना!’’ गिरणीत रांग अशी की मी नंबर लावून मुलांना घरी सोडून परत आलो तरी पुढे सहा डबे. पण गिरणीवाल्याचं एक चांगलं असतं ह्या दिवसांत, सकाळी गहू उरकून दुपारनंतर भाजणीवर भाजणीच लावतो. नाहीतर जात्यात राहिलेली कणीक तुमच्या चकलीत येते आणि मग दोष सोऱ्याला.

धनत्रयोदशीला, 18 तारखेच्या शनिवारी, बायको सकाळच्या ड्युटीला गेली आणि आम्ही चौघं मांडून बसलो. जितकी भाजणी तितकंच पाणी, वाटीला वाटी. पाणी उकळलं की त्यात तेलाचं मोहन, तिखट, मीठ, हळद, तीळ, मग भाजणी घालून झाकण. उकड ऊन असतानाच पाण्याचा हात लावून मळायची. पहिली भरणी चुकली. बाहेर आलेला धागा फुटत होता, वेढा घ्यायच्या आत तुकडे. मी सोऱ्या उघडून चकती तपासायला लागलो. आई म्हणाली, ‘‘अरे, सोऱ्याला काय बघतोस? पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लाव.’’ लावला, फुटायचं थांबलं. दुसऱ्या वेळी जरा जास्त लावला, तर चकली आली छान अखंड पण काटे नाहीत, गांडूळ. तिसऱ्या वेळी जमलं. म्हणजे ऑनलाइन तुम्हाला ‘ह्या सोऱ्यातून चकली तुटते’ असं कोणी लिहिलेलं दिसलं, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

आता कळीची गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलो. फिरकीचा सोऱ्या हा मुळात दोन माणसांचा सोऱ्या आहे. एकट्याने करताना डाव्या हाताने नळा धरा, उजव्या हाताने फिरकी फिरवा आणि त्यातच सगळं वाटोळं फिरवून वेढे पाडा. मनगट भरून येतं. आई चाळीस वर्षं हे कसं करत होती मला माहीत नाही, आणि मी तिला आजवर विचारलंही नव्हतं. पण घरात आठ वर्षांचं पोर असेल तर काम वाटून जातं. मी नळ्याचे दोन्ही कान धरून सोऱ्या हवेत स्थिर ठेवला. थोरलीने स्टुलावर उभं राहून फिरकी हातात घेतली. फिरकीचा दांडा टोकापासून टोकापर्यंत 12 सेंटीमीटर आहे. दोन्ही हातांनी धरून ती पूर्ण भरलेला सोऱ्या एकटी फिरवू शकली. पहिले दोन फेरे जड जातात, तोंड वाकडं होतं, मग पीठ सुरू झालं की सुरळीत.

आणि धाकट्याचं ‘मी पण’? त्याला फिरकी जमत नव्हती, कान धरायला दिला तर सव्वा किलो पायावर पडायची भीती. दोन मिनिटं रडारड झाली. मग आईनेच सुचवलं, ‘‘त्याला ताट फिरवू दे.’’ ओट्यावर एक ताट उपडं ठेवलं, त्यावर दुधाची पिशवी कापून, धुऊन, तेलाचं बोट फिरवून पसरली. सोऱ्या वर स्थिर. थोरली फिरकी फिरवतेय, खाली धाकटा दोन्ही हातांनी ताट हळूहळू वाटोळं फिरवतोय, आणि मी सोऱ्या मधून बाहेर तेवढा केसभर सरकवतोय. चकली आपोआप वेढे घेत बसली! मी क्षणभर बघतच राहिलो. हे तर लेथ झालं. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, टूल फिरत नाही, आणि मी ते थोडं थोडं सरकवतोय, म्हणजे फीड देतोय. एकोणीस वर्षं जे मशीनवर करतोय ते माझ्या ओट्यावर साडेचार वर्षांचा मुलगा ताटाने करत होता, जीभ बाहेर काढून.

अर्थात त्याचा वेग त्याच्या मर्जीने. मध्येच बाल्कनीखाली कोणीतरी भुईचक्र लावलं की तो ताट सोडून पळायचा आणि एका जागी पिठाचा ढीग. मध्येच त्याला वाटायचं आता उलटं फिरवावं. उलट्या वेढ्यांच्या पाच चकल्या निघाल्या, त्या त्याने वेगळ्या तळायला लावल्या आणि वेगळ्या डब्यात भरल्या. त्या कोणी खायच्या नाहीत.

तळण मी एकट्याने केलं आणि त्या वेळी मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. ह्यात तडजोड नको. आधी एक भरणी पूर्ण पाडून ओल्या पंच्याखाली झाकायची, मुलांना बाहेर काढायचं, मगच कढईखाली गॅस. तेलातले बुडबुडे कमी झाले की चकली झाली, हे आईने दारातून सांगितलं आणि प्रत्येक घाण्याला पुन्हा सांगितलं. एक किलो भाजणीला नऊ भरण्या लागल्या, 118 चकल्या. माझ्या हिशोबाने 126 यायला हव्या होत्या. थोरलीने कबूल केलं की दोघांनी मिळून कच्चं पीठ खाल्लं. बाकीच्याचा हिशोब खाली देतो, कारण तो सोऱ्याचा दोष आहे.

दट्ट्या आणि नळा ह्यांत चांगलं एक मिलिमीटर अंतर आहे. घट्ट पीठ दाबलं की ते खाली जाण्याबरोबर थोडं दट्ट्याच्या कडेने वर चढतं. प्रत्येक भरणीला चमचाभर पीठ वर अडकतं, दांड्याच्या आट्यांत जाऊन बसतं, आणि सातव्या-आठव्या भरणीला फिरकी उगाच जड वाटायला लागते. दर तीन भरण्यांनी दांडा बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसला तर त्रास नाही. पण एवढ्या पैशांत दट्ट्या अर्धा मिलिमीटर मोठा करायला काय हरकत होती?

चकलीच्या चकतीला आतल्या बाजूने बर होता. चांदणीची भोकं पाडल्यावर उठणारी धातूची बारीक कड असते ती. बोटाला टोचते, आणि सुटून पिठात गेली तर चांगलं नाही. हे मात्र प्रत्येकाने बघाच. चकती उजेडात धरा, आतून बोट फिरवा. मी नवी बारीक कानस घेऊन दहा मिनिटांत साफ केली, मग चकती दोनदा उकळत्या पाण्यातून काढली. बायकोचं म्हणणं, कंपनीतलं काही स्वयंपाकघरात आणायचं नाही. कानस नवी होती, पावती दाखवली.

खालचं झाकण, जे चकती धरून ठेवतं, ते पीठ वाळलं की गच्च बसतं. ते नुसत्या हाताने उघडायला थोरलीला जमत नाही, मलाही फडकं लागलं. आणि पितळेचं नेहमीचं: पीठ आत ठेवून विसरलात तर कळकणार. शेवटची भरणी झाली की लगेच गरम पाण्यात. आम्ही चिंचेने घासला, मग राखाडी झालेला परत पिवळा झाला. मुलांना हे काम द्या, आनंदाने करतात. पाणी उडेल, तेवढं चालवून घ्या.

दुसऱ्या दिवशी बारीक शेवेची चकती लावून पाहिली. बेसन सैल भिजवलं तर हा सोऱ्या शेवेला सरस आहे. थोरलीने एका हाताने फिरवली. शेव मात्र थेट तेलावर पाडावी लागते, म्हणून तिथे मुलांचं काही काम नाही, आणि सव्वा किलोचा गरम होत जाणारा सोऱ्या कढईवर धरून माझा दंड दुखला. नुसती शेवच करायची असेल, चकली नाही, तर हलका स्टीलचा घ्या, हे पैसे घालू नका. पापडीची चकती वापरली नाही. त्या कडबोळ्याच्या चकतीचं आई म्हणाली, ‘‘कडबोळं हाताने वळतात, त्याला कसली चकती?’’ तेव्हा सहा चकत्यांना भुलू नका, तुम्ही दोनच वापरणार.

आणखी एक, घरी एकटेच असाल, मुलं अगदी तान्ही असतील किंवा मनगट दुखत असेल, तर हा घेऊ नका. ह्याला माणसं लागतात. घरात फिरकीला एक आणि ताटाला एक असे दोन हात मिळणार असतील तर 1,250 रुपये मला जड वाटले नाहीत. शनिवारी सकाळी नऊला बसलो ते दीडला उठलो. एवढ्या वेळात मोबाइल कोणी मागितला नाही, हे माझ्या पाचव्या-सहाव्या भरणीला लक्षात आलं. आणि मग लगेच मागितला, कारण मी तसं बोलून गेलो.

बायको चारला आली. डबा उघडून एक चकली मोडली, खाल्ली, आणि म्हणाली, ‘‘तिखट कमी आहे.’’ थोरली म्हणाली, ‘‘तिखटाला मी नव्हते.’’ आईने डाव्या हाताने एक घेतली, कानाजवळ नेऊन मोडली. आवाज ऐकला. काही बोलली नाही, दुसरी घेतली.

जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सोऱ्याचं काय करायचं हे ठरलं नव्हतं, मी भंगारात देणार होतो. रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या मागे मुलांचा किल्ला चालला होता तिथे गेलो तर तो तिथे सापडला. धाकट्याने कोणाला न विचारता नेला होता. लाल माती कालवून, त्या मोठ्या गोल भोकाच्या चकतीतून वाती पाडून त्यांची तटबंदी रचत होते. अर्ध्यापर्यंत दांडा चालतोय, पुढे गरगरतोय, मग एक मुलगा वरून दगडाने ठोकतोय. चकती नव्या सोऱ्याची होती. 50 ची चकती जुन्यात बरोबर बसते, हे मला आधी माहीत नव्हतं. आईला अजून सांगितलेलं नाही, फक्त चकती धुऊन आणलीय.